कैचीसाठी एक परिच्छेद

मोरेश्वर,

तुझ्या निधनाची बातमी मीच लिहिली. ती पहिल्याच खेपेला जागेत बसली, एक शब्दही काढावा लागला नाही. तुझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं.

जन्म कुठला, धानोऱ्याच्या शाळेत इंग्रजी किती वर्षं शिकवलं, मागे कोण आहे, हे सगळं त्या बातमीत आलं आहे. ते इथे पुन्हा देत नाही. मला दुसरं एक काम निपटायचं आहे. आमच्या रविवारच्या पुरवणीतल्या तुझ्या सदराचा, ‘शब्दांचं रान’चा, शेवटचा लेख माझ्यासमोर आहे. तो तू नेहमीसारखा बुधवारी पाठवलास. गुरुवारी मी नेहमीसारखा त्याचा शेवटचा परिच्छेद काढला. शुक्रवारी सकाळी तू गेल्याचा फोन आला आणि लेख थांबवला. आता तो या रविवारी लागतो आहे. संपादक म्हणतात, पूर्ण पान घ्या, मोरेश्वर सरांची एक ओळसुद्धा कापू नका. काढलेला परिच्छेद परत लावायचा की नाही, हे आज पान छपाईला जाण्याआधी मला ठरवायचं आहे.

त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. मला तुझा हेवा वाटायचा. वाटायचा म्हणण्यात अर्थ नाही, आजही वाटतो. इथे चंद्रपुरात तुझी शोकसभा झाली. सभागृह भरलं, लोक जिन्यावर उभे राहिले. तुझ्या सदरातले शब्द पाठ करून पोलीस भरतीत निवडलेली एक मुलगी भाषण अर्धवट सोडून खाली बसली. मी मागच्या रांगेत बसून, माझ्या वेळी यातले कोण येतील याचा अंदाज घेत होतो.

आपली ओळख फोनवरची. मी चंद्रपूरच्या कार्यालयात डेस्कवर, म्हणजे तालुक्यांहून आलेल्या बातम्या तपासून, छाटून पानावर लावणारा. तू शाळा सुटली की धानोऱ्याहून बातम्या देणारा. तेंदूपत्त्याचा लिलाव, पुलावरचं पाणी, बंद पडलेली एसटी. तू सांगायचास, मी उतरून घ्यायचो. एकदा वाघामुळे गुरं उधळल्याची बातमी सांगताना तू म्हणालास, “लिव, गुरांत पॅनिक झाली.”

मी म्हणालो, “घबराट पसरली, असं घेतो.”

“घबराट मानसात पसरते बे. गुरांत पॅनिकच होते. तो शब्दच मुळात गुरांचा हाये.”

मग तू पॅनची गोष्ट सांगितलीस. ग्रीकांचा रानातला देव, वर माणूस, खाली बोकड. दुपारी रानात अचानक कळप उधळतो किंवा एकट्या माणसाच्या अंगावर काटा येतो आणि कारण काहीच दिसत नाही, तेव्हा ते लोक म्हणायचे, ही पॅनची करणी. त्या देवाच्या नावावरून पॅनिक. “आता हा देव सिरोंच्यापासून कुरखेड्यापर्यंत कुठी नाई असं तू छातीवर हात ठेवून सांगू शकते का?” असं तू विचारलंस. माझ्या फोनचा स्पीकर चालू होता आणि संपादक माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते म्हणाले, “यांना हे रविवारी लिहायला सांगा.”

तुला माहीत नसलेली गोष्ट अशी की त्याच संपादकांकडे मी त्याआधी शब्दांवरच्या सदराची कल्पना घेऊन गेलो होतो. नमुन्याचे लेखही दिले होते. त्यांनी ते वाचून परत केले आणि म्हणाले, “तुम्ही अचूक लिहिता. पण अचूक लेख लोक कापून ठेवतात, वाचत नाहीत.” तुझ्या सदराला नाव काय द्यायचं हे त्यांनी मलाच विचारलं. ‘शब्दांचं रान’ हे नाव माझं आहे. माझ्या नमुन्यांच्या वर लिहिलेलं होतं.

सदर सुरू झालं आणि तू इंग्रजीतले गोंधळाचे शब्द घेऊन बसलास. सोडेचनास. मी विचारलं, दुसरे शब्द नाहीत का? तू म्हणालास, “इंग्रजीत शिस्तीले दोन-चार शब्द असन. घोळाले पायजे तेवढे. अन् प्रत्येकाचा बाप येगळा. मंग कोन्यावर लिवू?”

तुझे लेख मी कोश उघडून तपासायचो. चूक सापडावी या इच्छेनं तपासायचो, हेही आता सांगायला हरकत नाही. फारशा सापडल्या नाहीत. शॅम्बल्स म्हणजे आज नुसता पसारा, पण आधी तो साधा बाक होता, मग खाटकाचा मांस मांडायचा बाक झाला, मग खाटकांचा बाजार, मग कत्तलखाना. ते कोशाप्रमाणे बरोबर होतं. बल्लारपूरच्या रविवारच्या बाजारातला मटणाचा ठोकळा त्यात आणून ठेवणं कोशात नव्हतं. हॅवॉक ही लढाई जिंकल्यावर शिपायांना लूट करायला मोकळीक देणारी आरोळी. बेडलम हे लंडनमधल्या वेड्यांच्या इस्पितळाचं लोकांच्या तोंडात झिजलेलं नाव. मडल म्हणजे चिखलात लोळणं. तो लेख तू रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत दिलास आणि भाताच्या बांधीत पाय फसलेल्या माणसाला घाई केली की तो जास्त फसतो, एवढ्यावर सबंध लेख उभा केलास. टर्मॉइल या शब्दापुढे कोशात ‘मूळ अज्ञात’ असं आहे. मला वाटलं, आता हा काय करतो पाहू. तू अज्ञानावरच लेख लिहिलास. त्याला सगळ्यात जास्त पत्रं आली. मी एखाद्या बातमीत ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहिलं तर वाचक फोन करून विचारतो, का नाही?

कन्फ्यूजनवर आपलं चांगलं भांडण झालं होतं. त्याचा मूळ अर्थ एकत्र ओतणं. तू लिहिलंस की वर्धा आणि वैनगंगा मिळतात तिथं काही अंतर पाणी दोन रंगांचं चालतं आणि मग कोणतं कुणाचं ते सांगता येत नाही. कन्फ्यूजन म्हणजे तेच. मी सुट्टी घेऊन चपराळ्याला गेलो. मला पाणी एकाच रंगाचं दिसलं. तुला तिथूनच फोन केला.

“कवा गेला तू?”

“आत्ता. संगमावर उभा आहे.”

“उन्हाळ्यात? पायाच्या घोट्याएवढ्या पान्यात उभा राहून मले रंग इचारून राह्यला? बरसातीत जाय ना बाप्पा!” आणि पाठीमागे कुणाला तरी सांगितलंस, “निर्मला, आयक, आमचा कैचीभाऊ नदी तपासाले गेला.”

कैचीभाऊ हे माझं नाव तू पाडलंस. पुढे तालुक्याचे सगळे वार्ताहर मला त्याच नावानं हाक मारू लागले. त्याचं कारण आपल्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्यांना नसेल. वर्तमानपत्रात जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात. बातमी लिहिणारा महत्त्वाचं वर लिहितो, कमी महत्त्वाचं खाली, म्हणून खालचं गेलं तरी बातमी जिवंत राहते. आम्ही नोकरीला लागलो त्या दिवशी हे शिकलो आणि पुढे कधी त्यावर विचार केला नाही. तुझं सदर दर आठवड्याला जागेपेक्षा लांब यायचं. मी शेवटचा परिच्छेद काढायचो. लेख बरोबर बसायचा.

सुरुवातीला तू चिडायचास. “मानसं गोष्ट शेवटी सांगतात बे. तू मुंडकं ठेवते अन् जीव कापते.” मी म्हणायचो, जीव वर आण. आपलं हे भांडण पहिल्या वर्षभर चाललं आणि मग अचानक थांबलं. तू तक्रार करणं सोडलंस. मला वाटलं, मी जिंकलो. लेख मात्र लांबच येत राहिले. एवढे लेख लिहून तुला जागेचा अंदाज येत नाही याचं मला नवल वाटायचं. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटायचं. तुझ्यात नसलेली एक गोष्ट माझ्यात होती.

एका हिवाळ्यात झाडीपट्टीच्या, आपल्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांवर वृत्तान्त करायला मी वडशाला आलो होतो, तूही आलास. सकाळी स्टेशनजवळ चहा पीत होतो. रात्रीच्या नाटकातला खलनायक, चेहऱ्यावर रंगाचा अंश तसाच, आपल्याकडे चालत आला. मला वाटलं, वृत्तान्त येणार म्हणून मला भेटायला येतो आहे. तो तुझ्या पाया पडला.

“सर, तुमचा केऑस म्या नाटकात टाकला. इन्स्पेक्टरले म्हनतो मी, ‘साहेब, तुमच्या ठाण्यात केऑस हाये!’ लय हसते पब्लिक.”

तू विचारलंस, “कळते का त्याहिले?”

“नाई कळत. पन सरांचा शब्द हाये म्हनून हसते.”

परत निघताना तू म्हणालास, “कैची, तुह्या तोंडाले काय झालं? चहा कडू होता का?” मी म्हणालो, साखर जास्त होती. ते खरं होतं. पण त्यासाठी कुणी तोंड पाडून बसत नाही, हे तुलाही कळत होतं.

केऑसबद्दल मला आणखी एक सांगायचं आहे. ग्रीक भाषेत तो शब्द आधी गोंधळाचा नव्हता. आ वासलेली पोकळी, तळ न दिसणारी, एवढाच त्याचा अर्थ. गोंधळ नंतर आला. आपण घरात जाळतो त्या गॅसचं नावही एका शास्त्रज्ञानं त्याच शब्दावरून पाडलं, हे तू लिहिलंस तेव्हा बायका सिलिंडरवर हात आपटून केऑस संपला म्हणायला लागल्या. तू तो लेख उघड्या कोळसा खाणीच्या काठावरून सुरू केला होतास. तो लेख आला त्याच्या थोडं आधी माझे वडील वारले होते. वडील बल्लारपुरात खाणीत होते, भुयारी खाणीत, सगळं आयुष्य. तू धानोऱ्याहून आलास, माझ्या घरी बसलास, चहा प्यालास. धानाच्या भावाबद्दल बोललास, रस्त्याबद्दल बोललास. वडिलांबद्दल एक शब्द काढला नाहीस. सगळ्या जिल्ह्याला रडवणाऱ्या, हसवणाऱ्या माणसाकडे माझ्यासाठी एक वाक्य नव्हतं. हे मी तुझ्यावर धरून ठेवलं. आपण नंतर कितीदा भेटलो, पण मी ते सोडलं नव्हतं.

आता शेवटच्या लेखाबद्दल. तो बिविल्डर या शब्दावर आहे. भांबावून टाकणं, हा त्याचा आजचा अर्थ. जुना अर्थ, माणसाला रानात नेऊन वाट चुकवणं. त्यातला विल्ड म्हणजे रान. कोश इथं ‘बहुधा’ म्हणतो. मी ‘बहुधा’ घातलं आहे. तू असतास तर फोन केला असतास. प्रत्येक लेखात मी ‘बहुधा’ घालायचो आणि तू म्हणायचास की या शब्दानं वाचकाच्या हातातला घास खाली पडतो. हे भांडण आता माझ्या बाजूनं मिटलं आहे आणि मला त्याचा काही आनंद झालेला नाही.

लेखात तुझी स्वतःची गोष्ट आहे, ती मी अनेकदा ऐकली होती. तू नवा मास्तर असताना बाजार करून शाळेच्या गावी पायी परत येत होतास. पायाखालची वाट. तरी एकच मोहाचं झाड पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं. त्या गावचे लोक म्हणतात, रानात भुलनवेल नावाची वेल असते, तिच्यावर पाय पडला की माणसाला भूल पडते. मग त्याला स्वतःला बाहेर येता येत नाही. त्याला हाक मारायची नसते, हाक ऐकून तो आणखी आत जातो. दुसऱ्या कुणीतरी जवळ येऊन हात लावायचा, एवढाच उपाय. तू त्या झाडाखाली बसून राहिलास. मोहफुलं वेचायला आलेल्या एका बाईनं टोपली खाली ठेवली, जवळ येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवला, गोंडीत काहीतरी बोलली आणि पुन्हा फुलं वेचायला लागली. तू मान वळवलीस तर गावाची वाट हातभर अंतरावर होती.

ही गोष्ट दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा मी तुला विचारलं होतं, तू कोणत्या दिशेला तोंड करून बसला होतास? त्या बाईचं नाव काय? टोपली डोक्यावर होती की कमरेवर? कारण मागच्या वेळी तू डोक्यावर म्हणाला होतास.

“कैची, भूल पडलेल्या मानसाले कोनी दिशा इचारते का?”

“बातमी असेल तर विचारावं लागतं.”

“बातमी नाई ना बे हे. माह्या खांद्यावर झालेली गोष्ट हाये.”

त्या रस्त्यावरच्या मी किती बातम्या केल्या असतील. अपघात, वणवा, हत्तींचा कळप. प्रत्येकीत किलोमीटरचा दगड लिहिला आहे. मी त्या रानात कधी वाट चुकलो नाही. त्यामुळे मला कुणी हात लावून बाहेर काढायचाही प्रश्न आला नाही. तुझ्या वाचकांचा, सभांचा, त्या खलनायकाच्या नमस्काराचा मला हेवा वाटला, पण तो येत-जात असायचा. या गोष्टीचा कधी गेला नाही.

तुझ्या तेरवीला मी धानोऱ्याला गेलो. जेवणं आटोपल्यावर निर्मलावहिनी ओसरीत येऊन बसल्या. त्यांनी विचारलं, “भाऊ, ह्याहिचा शेवटचा लेख छापनार ना?”

मी म्हणालो, रविवारी छापतो आहोत. पूर्ण पान.

“पूर्ण? तुमचा परिच्छेद बी छापनार का मंग?”

मला कळलं नाही. मी विचारलं, माझा कोणता?

“तो नाई का शेवटचा. तुमच्यासाठी लिवत होते ना ते.” त्यांनी माझा चेहरा पाहिला. “तुमाले नाई सांगतलं त्याहिनं? आधी लय चिडत होते तुमच्यावर. मंग एक दिवशी बसले, लेख बराबर जागेएवढा लिवला, शब्द मोजून. अन् खाली आनखी एक परिच्छेद टाकला. म्या म्हनलं, हे काय? म्हने, कैचीले खायाले काईतरी पायजे ना.”

शेजारी बसलेला तुझा मेहुणा हसला. वहिनीही हसल्या, तेरवीच्या दिवशी. मला हसावं की नाही ते कळेना. तुझ्यात नसलेली जी एक गोष्ट माझ्यात आहे असं मी समजत होतो, ती तुझ्यात होती आणि माझ्यापेक्षा चोख होती. तुझा लेख कधीच लांब नव्हता.

“काय लिहायचे त्यात?” मी विचारलं.

“मले काय माईत? सारा लेख मले वाचून दाखवत. चूल पेटवत राहो मी, अन् हे वाचत राहे. त्या परिच्छेदापाशी आले का थांबत. म्या म्हनो, वाचा ना. म्हने, हे डेस्कचं हाये, तुह्या कामाचं नाई.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “राग येत होता मले. बायको मी, अन् कागद तुमचा.”

त्या क्षणापर्यंत माझी समजूत होती की या सगळ्यात हेवा करणारा मी एकटाच आहे.

तुझा शेवटचा लेख माझ्या फोनवर होता, मूळ, न कापलेला. मी तो उघडून त्यांच्यापुढे धरला. म्हणालो, वहिनी, हा घ्या, वाचा.

त्यांनी फोनकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. “नको भाऊ. मले वाचून दाखवाचा असता तं दाखवला असता त्याहिनं. बाकी सारं माह्याच कानावरून गेलं हाये. तेवढं पुरते मले.” आणि उठताना म्हणाल्या, “तुमाले जमन तं छापा. नाई तं कापा. सवय हायेच तुमाले.”

गडचिरोलीची एसटी लागली होती. मी खिडकीशी बसलो आणि काढलेले परिच्छेद आठवू लागलो. ते आता कुठेच नाहीत. सुरुवातीचे लेख तू फोनवर सांगायचास, ते परिच्छेद मी उतरून घेऊन तिथंच खोडायचो. नंतरचे जुन्या फोनबरोबर गेले. मी ते सगळे नीट वाचले होते, कारण कापण्याआधी वाचावं लागतं. पण ठेवायचे म्हणून वाचले नव्हते. त्यामुळे बहुतेक गेले. काही तुकडे राहिले आहेत.

पॅनिकनंतर कधीतरी एकात होतं: ‘कळप उधळला की मालक ओरडत सुटतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ ओरडत नाहीत. ते पेन काढतात आणि विचारतात, नेमके किती वाजता?’ यावर मी शेरा मारला होता, विषयांतर.

टर्मॉइलच्या शेवटी होतं: ‘मूळ अज्ञात, असं लिहायला धीर लागतो. मला तो नाही, म्हणून मी एवढा लेख लिहिला. ज्याच्याकडे तो धीर आहे असा एकच माणूस मला माहीत आहे आणि तो हे वाक्य कापील.’ मी कापलं होतं. वाचून, कापलं होतं. शेरा आठवत नाही.

आणि केऑस. चातगाव मागे पडल्यावर मला तो आठवला. लेख उघड्या खाणीवर होता आणि शेवटचा परिच्छेद भुयारी खाणीवर, म्हणून मला तो ठिगळासारखा वाटला होता. तू लिहिलं होतंस: ‘खाणीतून वर येणारा माणूस आधी डोळे मिटून घेतो. उजेडाची घाई करत नाही. वर उभ्या असलेल्यांनी त्याला बोलायला लावू नये. धानाचा भाव, रस्त्याचे खड्डे, असं काहीतरी बोलत शेजारी उभं राहावं. त्याचे डोळे सरावले की तोच बोलेल.’

मी त्याच्यापुढे ‘असंबद्ध’ असं लिहिलं होतं.

माझे डोळे सरावले तेव्हा मी तुझ्याशी बोललो नाही. तू वाट पाहिली असशील. मी त्या वेळी तुझ्यावर राग धरून बसलो होतो आणि तुझ्या लेखांना ‘बहुधा’ लावत होतो. कापण्याबद्दल मी तुझी माफी मागत नाही. ते माझं काम होतं, आणि तू तर त्याच कामाच्या भरवशावर लिहीत होतास. मी एक आठवडा जरी आळस केला असता, तर आपलं बोलणं सगळ्या जिल्ह्यानं वाचलं असतं. तू माझ्या आळसावर कधी पैज लावली नाहीस. एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणी टाकल्याचं मला आठवत नाही.

शेवटच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद मी गाडीतच वाचला. गुरुवारी वाचला होता, तेव्हा तो नुसता मजकूर होता. आता पुन्हा वाचला. गाडी गडचिरोलीच्या स्थानकात लागली, लोक उतरले, आणि मला कोणत्या फलाटावर जायचं आहे ते थोडा वेळ आठवेना. वाहकानं खांद्याला हात लावून विचारलं, “काऊन भाऊ, उतराचं नाई का?”

आज पान लागलं आहे. मध्ये तुझा फोटो, वर सदराचं नाव, खाली तुझा लेख, शेजारी हा माझा मजकूर. लेखाखाली भरपूर जागा आहे. पान लावणाऱ्यानं दोनदा विचारलं की तो परिच्छेद कुठे आहे, सरांचा लेख एवढाच कसा. संपादकांनीही विचारलं. मी सांगितलं, छापायचा एवढाच आहे.

तुझे शब्द सगळ्यांना मिळाले. पोलीस भरतीच्या मुलीला, वडशाच्या खलनायकाला, सिलिंडरवर हात आपटणाऱ्या बायकांना. त्यांनी ते ठेवावेत. वहिनींकडे तुझा आवाज आहे, चुलीपाशी वाचतानाचा. त्यात मला वाटा नको. पण हा परिच्छेद मी कुणाला देणार नाही. इतकी वर्षं जागा कमी होती म्हणून कापत होतो. आज जागा आहे आणि कापतो आहे.

तुझा लेख आता तिथं संपतो जिथं ती बाई पुन्हा मोहफुलं वेचायला लागते आणि तुला वाट दिसते. मी तो तीन वेळा वाचून पाहिला. कुठं तुटल्यासारखा वाटत नाही, काही राहून गेल्याची शंकाही येत नाही. येणारही नाही. तू तशी सोय करून ठेवली होतीस.